डिकीचं रबर: चिकटवायचं की पकडीवर बसवायचं?

जुन्या गाडीच्या डिकीचं रबर बदलायला घेतलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: गोंद कुठला लावू? मीही तिथूनच सुरुवात केली होती. नवं रबर आणलं, पिवळ्या गोंदाची ट्यूब आणली, जुनं रबर ओरबाडून काढलं आणि एका दुपारीत काम उरकलं. आठवड्याने डिकी उघडली, तर उजव्या कोपऱ्यातलं वीतभर रबर झाकणाला चिकटून वर आलं. खाली पन्हळीत गोंदाचे पिवळे दोरे ताणले गेले होते, बुटाला चिकटलेल्या च्युइंगमसारखे. ते सगळं साफ करण्यात दोन दिवस गेले. या विषयावर लिहिण्याची माझी पात्रता म्हणाल तर ते दोन दिवस.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. पाणी अडतं ते झाकणाच्या दाबाने. झाकण बंद झालं की रबराची पोकळ नळी चेपते, पत्र्यावर पसरते आणि फट बुजते. गोंद असो, क्लिप असो की पकड, त्यांचं काम एवढंच की रबराने जागा सोडू नये. दाब नीट नसेल तर जगातला सगळ्यात महागडा गोंदही डिकी कोरडी ठेवणार नाही. आणि दाब नीट असेल तर रबर जागेवर राहण्यापुरती साधी पकडही पुरते. म्हणून हल्ली मी निवड करताना दोनच गोष्टी बघतो. गाडीला मुळात बैठक कसली आहे, आणि आज बसवलेलं रबर पुढच्या खेपेला निघणार कसं. कारण पुढची खेप येतेच. रबर नाही बिघडलं तर त्याच्याखालचा पत्रा गंजतो.

आधी बैठक बघा

जुनं रबर काढा, कड पुसा आणि उजेडात नीट बघा. साधारण तीन प्रकार सापडतील.

पहिला, उभी कड. दोन-तीन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि त्यांची धार डिकीच्या तोंडाभोवती उभी राहिलेली असते. या धारेवर यू आकाराच्या जबड्याचं रबर दाबून बसतं. जबड्याच्या आत धातूचा कणा असतो आणि आतल्या बाजूला रबराचे बारीक दात. वर किंवा बाजूला पोकळ नळी.

दुसरा, पन्हळ. डिकीच्या तोंडाभोवती उथळ नाली असते आणि सपाट बुडाचं रबर तिच्यात बसतं. काही पन्हळींचे काठ आत वळलेले असतात, ते रबराला धरून ठेवतात. काही नुसत्या उघड्या असतात, तिथे गोंदाला पर्याय नसतो.

तिसरा प्रकार, साधा सपाट पत्रा, ना कड ना नाली. इथे डी आकाराचं रबर थेट पत्र्यावर चिकटवलेलं असतं. काही गाड्यांत हे रबर तोंडाभोवती नसून झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. ते झाकणासोबत वर जातं आणि गुरुत्वाकर्षण सतत त्याच्या विरोधात काम करतं, म्हणून तिथे धरून ठेवण्याचा प्रश्न जास्त कठीण.

बैठक ओळखली की अर्धी निवड आपोआप होते. फसगत होते ती बैठक सोडून दुसरंच काही बसवायला गेल्यावर. पन्हळ असलेल्या गाडीवर जबड्याचं रबर उलटंपालटं करून चिकटवलेलं मी पाहिलं आहे. बसतं ते, पण इतकं उंच बसतं की झाकण बंद करायला दोन माणसं लागतात.

फट मोजा, मगच रबर घ्या

मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या. बोराएवढ्या गोळ्या करून डिकीच्या तोंडाभोवती दहा-बारा ठिकाणी ठेवा, विशेषतः चारही कोपऱ्यांत, कुलपाजवळ आणि बिजागऱ्यांजवळ. रबर लावलेलं नको. प्रत्येक गोळीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा टाका, नाहीतर ती झाकणाबरोबर वर जाईल. झाकण हळूच खाली आणा, कुलूप लागेपर्यंत दाबा, पुन्हा उघडा. चेपलेल्या गोळ्या ब्लेडने मधोमध कापून जाडी मोजा. ती तुमची खरी फट.

नळी साधारण एक तृतीयांश चेपावी हा माझा ठोकताळा. म्हणजे फट ९ मिमी असेल तर १३ मिमीच्या आसपासची नळी. आता समजा बिजागरीकडे फट ११ मिमी आहे आणि कुलपाकडे ५. हीच १३ मिमीची नळी एका टोकाला जेमतेम टेकेल आणि दुसऱ्या टोकाला निम्म्याहून जास्त चेपेल. मागे झाकण उसळी मारेल आणि पुढून पाणी येईल. अशी गाडी कुठल्याही रबराने आणि कुठल्याही गोंदाने सुधारत नाही. आधी बिजागऱ्यांचे बोल्ट सैल करून झाकण सरळ करायचं, स्ट्रायकर (कुलूप ज्यात अडकतं तो आकडा) वरखाली करायचा, कोपऱ्यांतले रबरी टेकू फिरवायचे, मग पुन्हा क्ले.

या मोजणीला अर्धा तास लागतो. बहुतेक लोक तो गोंदांच्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचण्यात घालवतात.

लांबीसाठी जुनं रबर मोजू नका. ते वर्षानुवर्षं आकसलेलं असतं. बैठकीवरून सुतळी फिरवा आणि सुतळी मोजा.

पकड विरुद्ध गोंद

उभी कड असेल तर माझा कौल सरळ पकडीच्या, म्हणजे जबड्याच्या रबराच्या, बाजूने आहे. कारण अगदी व्यवहारी आहे: चुकलं तर काढता येतं. कोपरा नीट बसला नाही, उपटा, पुन्हा बसवा. सांधा चुकीच्या जागी आला, अख्खं रबर सरकवा. रंगाजवळ कुठलाही द्रावक जात नाही, हात बरबटत नाहीत, आणि दोन वर्षांनी कडेवर गंजाचा ठिपका दिसला तर दहा मिनिटांत रबर बाजूला होतं. गोंदाने बसवलेल्या रबराखालचा गंज तुम्हाला दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो.

पण पकडीची स्वतःची दुखणी आहेत आणि ती बहुतेक जाहिरातींत नसतात. जबड्यातला कणा स्टीलचा असतो. रबर ठोकून बसवताना दात आणि कणा मिळून धारेवरचा रंग खरवडतात, आणि पत्र्याच्या धारेवर रंग मुळातच सगळ्यात पातळ असतो. मग वरून आलेलं पाणी जबड्यात शिरतं आणि तिथेच बसून राहतं. वरून सगळं झकास, आत भुसा. म्हणून कडेला दोन्ही बाजूंनी आणि धारेवर प्रायमर-रंग देऊन, तो पुरता वाळल्यावरच रबर चढवायचं. बसवताना लोखंडी हातोडी नको. रबरी हातोडी, नाहीतर तळहाताचा गोळा.

दुसरं दुखणं जाडीचं. जबडा एका ठरावीक जाडीच्या पत्र्यासाठी बनवलेला असतो. जुन्या गाडीची कड सगळीकडे सारखी नसते. एके ठिकाणी दोन पत्रे, कोपऱ्यात तीन, आणि कुणीतरी कधीतरी दुरुस्ती करून पुट्टी भरलेली असेल तर देव जाणे किती. जिथे जास्त जाड तिथे जबडा फाकतो आणि पुढच्या पातळ भागावर सैल पडतो. कॅलिपर घेऊन आठ-दहा जागी जाडी मोजा आणि सगळ्यात पातळ जागेला घट्ट बसेल असा जबडा निवडा. जाड जागी पुट्टी घासून खाली आणता येते, पण सैल जबड्याला नंतर आवळणं कठीण. चिमट्याने दाबून बघतात लोक. कणा एकदा फाकला की पूर्वीसारखा धरत नाही.

सैल जबड्याला गोंदाचा टेकू द्यावा का? अख्ख्या लांबीभर नको. पाणी जबड्यात शिरायची भीती असेल तर आत न वाळणारं मॅस्टिक (लुकणासारखा चिकट लगदा) भरा. बऱ्याच गाड्यांच्या मूळ रबरात ते कारखान्यातूनच भरलेलं येतं. ते मऊ राहतं, फट बुजवतं आणि रबर काढायची वेळ आली की सुटतं. मी ते फक्त वरच्या कडेला भरतो, मागच्या काचेखाली, कारण काचेवरून घरंगळणारं सगळं पाणी तिथेच येऊन आदळतं.

गोंदाची बाजूही नीट मांडायला हवी. उघडी पन्हळ किंवा सपाट पत्रा असेल तर गोंदच लागतो, आणि नीट लावला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. चिकटवलेलं रबर बुटकं बसतं, वळणावर पत्र्याची रेषा सोडत नाही, आणि ज्या गाडीला कारखान्यातूनच तसं रबर होतं तिच्यावर तेच शोभतं. प्रदर्शनात गाडी ठेवणाऱ्यांना हा मुद्दा मोठा वाटतो, आणि वाटायलाच हवा. फक्त गोंद म्हणजे एकच डाव. चिकटलं की चिकटलं. चुकलं तर खरवडणं, द्रावक, आणि नशीब वाईट असेल तर पुन्हा रंग.

गोंदातला गोंद

या कामासाठी बनवलेले गोंद बहुतेक कॉन्टॅक्ट जातीचे असतात, म्हणजे दोन्ही पृष्ठभागांवर लावायचे, थोडं सुकू द्यायचं आणि मग दाबायचे. थ्रीएमचा ०८००१ क्रमांकाचा पिवळा आणि ०८००८ क्रमांकाचा काळा हे जुन्या गाड्यांच्या लोकांत सर्वांत ओळखीचे. पिवळ्याला इंग्रजीत जे टोपणनाव पडलंय त्याचं मराठी ‘गोरिलाचा शेंबूड’ होतं, आणि ट्यूब उघडल्यावर ते अतिशयोक्त वाटत नाही. दोघांत निवडायचं तर मी काळा घेतो. कारण एवढंच की काळ्या रबराच्या कडेला सांडलेला काळा गोंद लोकांच्या नजरेत येत नाही. पिवळा लांबून दिसतो.

माझी पहिली खेप का फसली ते आता सांगतो. गोंद ओला असताना रबर हवं तसं सरकवता येतं, म्हणून मी ओल्यातच दाबलं. आतला द्रावक रबर आणि रंग यांच्या मध्ये अडकला, उडायला वाट नव्हती, आणि गोंद आठवडाभर लापशीसारखा राहिला. त्यात झाकणाचा दाब. कोपऱ्यातलं रबर आत सरकलं, गोंद बाजूने वर आला आणि त्याने रबराला झाकणाशी जोडून टाकलं. तिकडचा थर पातळ होता म्हणून तो आधी वाळला. डिकी उघडताना कोण जिंकणार हे ठरलेलंच होतं.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. नवं रबर साबणाच्या पाण्याने धुवा, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला निसरडा थर त्यावर असू शकतो. वाळल्यावर बूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बारीक पॉलिश पेपरने त्याची चमक घालवा. पन्हळीच्या दोन्ही काठांना मास्किंग टेप लावा. रबर एकदा कोरडंच पूर्ण बसवून बघा आणि मधोमध, कोपऱ्यांत, सांध्याजवळ खडूच्या खुणा करा. मग हातभर तुकड्याच्या हिशेबाने दोन्हीकडे पातळ थर. बोट लावून बघा: चिकट लागलं पाहिजे, पण बोटाबरोबर दोरा यायला नको. दोरा येत असेल तर थांबा. दोरा आला नाही की दाबा, आणि दाबलं की हात काढा, सरकवू नका. सगळं झाल्यावर रबरावर पातळ पॉलिथिन पसरून झाकण लावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नका. हे पॉलिथिन मी पहिल्या खेपेला टाकलं असतं तर हा लेख निम्मा झाला असता.

रबर कुठलं आहे यावरही गोंद ठरतो. आजची बरीचशी नवी रबरं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. हे रबर १९६० च्या दशकात बाजारात आलं, त्यामुळे त्याआधीच्या गाडीवर मूळ रबर दुसरं काहीतरी, नैसर्गिक रबराचं मिश्रण किंवा निओप्रीनसारखं जुनं कृत्रिम रबर असणार. ईपीडीएम ऊन आणि ओझोन यांना दाद देत नाही. जुन्या रबराला पडतात तशा बारीक भेगा त्याला सहसा पडत नाहीत. पण तोच स्वभाव गोंदाच्या बाबतीत आडवा येतो, कारण त्यावर सहज काही चिकटत नाही. घासणं आणि पुसणं टाळलं तर गोंद पत्र्यावर घट्ट आणि रबर हातात, असं होतं. शिवाय ईपीडीएमला पेट्रोल आणि खनिज तेल सोसत नाही, ते फुगतं. निओप्रीन तिथे बरं.

आणि रंग. गाडी नुकतीच रंगवली असेल तर गोंद आणि थिनर तिच्यापासून काही आठवडे लांब ठेवा. दोन घटकांचा आधुनिक रंग पुरता पिकला की गोंदातला द्रावक सहन करतो. जुन्या पद्धतीचं लॅकर मात्र कधीच तसं पिकत नाही, त्याचा स्वतःचा द्रावक लागला की ते वर्षांनंतरही विरघळतं. लॅकरच्या गाडीवर गोंद लावायचाच असेल तर आधी डिकीच्या आत कुठेतरी न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकून तासभर वाट बघा.

टेप, सिलिकॉन आणि बाकीची मंडळी

डबल साइड टेपचा मोह समजण्यासारखा आहे. स्वच्छ काम, वास नाही, हात कोरडे. अ‍ॅक्रिलिक फोमची चांगली टेप पत्र्याला जबरदस्त धरते, पण घाई चालत नाही: थ्रीएमच्या व्हीएचबी जातीच्या टेपला सामान्य तापमानात २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण ताकद येते. तीन दिवस झाकणाचा खरा दाब तिच्यावर यायला नको. घोटाळा दुसऱ्या बाजूला असतो, टेप आणि रबर यांच्यात. कारखान्यातून टेप लावून आलेलं रबर टिकतं, कारण तिथे रबराकडची बाजू उष्णतेने जोडलेली असते. आपण घरी साध्या ईपीडीएमवर टेप लावतो तेव्हा प्रायमरशिवाय ती एखाद्या उन्हाळ्यातच सोलून निघते. म्हणून टेप हवी तर टेपसकट आलेलं रबर घ्या. आणि ते सपाट, सरळ पत्र्यासाठी. तंग वळणावर फोम आतून मागे खेचत राहतो.

सिलिकॉन नको. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून वाळताना आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. वास नसलेल्या जातीत हा दोष नसतो, पण एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागेवर पुढे ना गोंद धरत, ना रंग. रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि पेंटर तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देतो. पॉलियुरेथेन सीलंट याच्या उलट, ते इतकं धरतं की पुढच्या वेळी रबराबरोबर रंगही येतो. ते काचा चिकटवायला ठेवा.

झटक्यात चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेटचं काम फक्त सांध्यापुरतं, रबराची दोन टोकं एकमेकांना जोडण्यापुरतं. तिथे ते इतर कशाहीपेक्षा चांगलं. पण वाळल्यावर ते कडक होतं, म्हणून रबर मिसळलेली काळी, लवचीक जात मिळाली तर ती घ्या.

पन्हळ असूनही गोंद नको, अशा गाड्या

जुन्या फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत पुढच्या डिकीचं रबर काठ वळलेल्या पन्हळीत दाबून बसवायचं असतं. काठ शाबूत असतील तर गोंदाची गरज नाही. साबणाचं पाणी, बोथट प्लास्टिकची पट्टी आणि संयम पुरतो. इंचा-इंचाने एक बाजू आत, मग दुसरी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घेतलात तर रंगावर त्याची खूण राहील आणि गंज तिथूनच सुरू होईल. कुठे काठ वाकून उघडला असेल तर आधी लाकडी ठोकळा ठेवून तो परत वळवा. उघड्या काठावर गोंद ओतणं म्हणजे दुखणं झाकणं.

१९६८ च्या मॉडेलच्या आधीच्या बीटलमध्ये पेट्रोल भरायचं तोंडही याच डिकीत आहे. टाकी भरताना सांडलेलं पेट्रोल रबरावर येतं. तेव्हा तिथे ईपीडीएम की निओप्रीन हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

क्लिपा आणि स्क्रू यांबद्दल थोडक्यात: गाडीला मूळ भोकं असतील तर वापरा, नसतील तर पाडू नका. डिकीच्या तोंडाला पाडलेलं प्रत्येक भोक पाण्याला नवी वाट देतं. झाकणावर चिकटवलेलं रबर लोंबत असेल आणि मूळ भोकं असतील, तर प्लास्टिकच्या क्लिपा आणि पातळ गोंद अशी जोडी उत्तम चालते.

कोपरे आणि सांधा

निवड कोणतीही असो, काम बिघडतं ते याच दोन जागी. रबर ताणून बसवायचं नाही, कधीच. ताणलेलं रबर रात्रीतून मागे येतं आणि सकाळी सांध्यात करंगळी जाईल एवढी फट दिसते. उलट कोपऱ्यात ते किंचित ढकलत, जास्तीचं भरवत न्यायचं. दोन्ही टोकं मिळून सेंटिमीटरभर जास्त ठेवून काटकोनात कापा, म्हणजे ती एकमेकांना रेटून बसतील. सांधा कोपऱ्यात नको. मी तो कुलपाजवळ सरळ भागात ठेवतो, कारण दाब तिथे सगळ्यात खात्रीचा असतो.

तंग वळणावर नळी आतल्या बाजूने चिंबते आणि तिथे दाब शून्य होतो. त्यावर एक जुनी युक्ती: त्या वीतभर भागात नळीच्या आत मऊ फोमची दोरी सरकवा. नळी गोल राहते. नळीला हवा जाण्यासाठी बारीक भोकं असतील तर ती गोंदाने किंवा फोमने बुजवू नका, नाहीतर झाकण लावताना आत कोंडलेली हवा उलटा दाब देईल.

मग कोणी काय घ्यावं

रोज वापरायची गाडी आणि उभी कड: पकडीचं रबर, वरच्या कडेला मॅस्टिक, गोंद फक्त सांध्याला. यावर मी फार वेळ घालवणार नाही.

प्रदर्शनाची गाडी, मूळ पन्हळ: मूळ आकाराचं रबर आणि काळा कॉन्टॅक्ट गोंद, पातळ. इथे पकडीची सोय शोधत बसू नका, परीक्षकाच्या नजरेतून ती सुटत नाही.

नुकतीच रंगवलेली गाडी: उभी कड असो वा पन्हळ, रबर आज बैठकीवर नुसतं ठेवून द्या. पन्हळीत ते बऱ्यापैकी स्वतःच बसतं. जिथे उठतंय तिथे कागदी टेपने तात्पुरतं धरा, गाडी छताखाली ठेवा, आणि गोंद काही आठवड्यांनी. लोक हे ऐकत नाहीत, मला ठाऊक आहे.

कडेला गंज लागलेली गाडी: रबरच घेऊ नका. आधी पत्रा. गंजावर गोंद म्हणजे गंजाच्या खपल्यांना चिकटवलेलं रबर, आणि गंजावर जबडा म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला पत्रा. गंज काढून, प्रायमर-रंग होईपर्यंत जुनंच रबर चढवून ठेवा.

आणि ज्यांची फट क्लेच्या मोजणीत वेडीवाकडी आली, त्यांनी थोडं मऊ, स्पंजाचं रबर घ्यावं. भरीव रबर नेमक्या फटीत छान बसतं, पण जुन्या झाकणांची फट नेमकी क्वचितच असते. स्पंज घेताना बंद छिद्रांचा घ्या, उघड्या छिद्रांचा पाणी पितो.

बसवल्यावर

पहिले काही दिवस झाकण जड लागेल, एकदोनदा आपटावंही लागेल. लगेच स्ट्रायकर हलवू नका. झाकण लावून गाडी तीन-चार दिवस तशीच ठेवली की रबर बसतं. त्यानंतरही जड असेल तर मग स्ट्रायकर. उघडताना रबर झाकणाला धरत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात फिरवा. पेट्रोलियम जेली नको, ती ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर दोन्ही फुगवते. सिलिकॉनवर वर एवढं बोलून इथे तेच सांगतोय हे मलाही दिसतंय, पण ग्रीस वेगळं आणि सीलंट वेगळं. रंगकाम बाकी असेल तर मात्र ग्रीसही लांब ठेवा.

तपासायला कागदाची पट्टी पुरे. ती रबरावर ठेवून झाकण लावा आणि ओढा, सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. जिथे सहज निघते तिथे दाब नाही. किंवा रबरावर टाल्कम पावडर लावून झाकण एकदा बंद करा, उघडा, आणि झाकणावर उमटलेली पांढरी रेषा बघा. जिथे रेषा तुटते तिथून नुसतं पाणी येत नाही, धूरही येतो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळत डिकीतून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डिकीत थोडं पाणी चालेल म्हणणाऱ्यांनी या तुटक्या रेषेकडे त्या नजरेने बघावं.

शेवटी पाणी मारा, नळीचा जोर कमी ठेवून, खालून सुरुवात करत वर. झाकणाच्या खालच्या कडेपाशी पाच मिनिटं, आत बघा. मग मागचे दिवे, मग बिजागऱ्या, सगळ्यात शेवटी मागची काच. वरून एकदम पाणी ओतलं तर ते कुठून आलं हे कधीच कळत नाही. डिकीत साचणारं पाणी बरेचदा दिव्यांच्या गॅस्केटमधून, काचेच्या रबराखालून किंवा पत्र्याच्या सांध्यातून आलेलं असतं आणि आळ डिकीच्या रबरावर येतो. माझ्या गाडीतला ओलावा डाव्या दिव्याच्या गॅस्केटमधून येत होता. गोंद साफ करून, नवं रबर नीट बसवून झाल्यानंतरच्या पहिल्या पावसात ते कळलं.